कऱ्हेकाठचे कुरमुरे : एका इवल्या गोगलगायीचं प्रकरण

माझ्या कपाटात होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक औंसाची रिकामी बाटली होती, ती आता रिकामी नाही. आत एकेचाळीस शंख आहेत. पांढुरके, लांबट, कुरमुऱ्याएवढे. भेळेत पडले तर चावेपर्यंत कळणार नाही. आतल्या चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलंय : 'कऱ्हा नदी. जीवाश्म. एप्रिल.' शाई फुटली आहे, कारण शंख धुतल्यावर पुरते वाळायच्या आत बाटलीत भरले. चिठ्ठीतली नदी खरी आणि महिनाही खरा. मधला शब्द काही शंखांपुरता खरा असेल, काहींपुरता साफ खोटा आहे. कोणत्या शंखांपुरता, हे आता कुणीच सांगू शकत नाही. हे प्रकरण त्या मधल्या शब्दाचं.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावरही वर्षाला एखाद-दुसरा प्रकल्प हातात घेते. ती बाटली भरणारी मुलगी शेवटच्या वर्षाची. राहायला सहकारनगरात, आजोळ कऱ्हेकाठी, जेजुरी-मोरगाव रस्त्यापासून आत गेलं की लागतं ते एक लहान गाव. एप्रिलच्या शेवटी ती दुपारी दोन वाजता माझ्या दारात उभी राहिली. पुण्यात दुपारी दोनला बेल वाजवायची म्हणजे कारण तसंच हवं, आणि तिच्याकडे ते होतं. "मॅडम, जीवाश्म. आपल्या जिल्ह्यात!"

आनंद का झाला

पुण्याच्या भूशास्त्रवाल्यांच्या नशिबी जीवाश्म फारसे नसतात. पायाखाली सगळा बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वितळलेल्या दगडात शंख टिकत नाही. लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात तळी साचली, त्या गाळात जे राहिलं ते विदर्भाकडे आणि छिंदवाड्याकडे सापडतं. तिथला फायसा प्रिन्सेपी नावाचा शंख आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पोरांना दाखवत आलो, पण तोही गोड्या पाण्यातला आणि दाखवायचा तो दुसऱ्या गावाहून आणून. बाकी पुणेकराच्या घरात हमखास असणारं जीवाश्म म्हणजे देवघरातला शाळिग्राम. तो समुद्रातल्या अ‍ॅमोनाइट नावाच्या शंखधारी प्राण्याचा, आणि येतो नेपाळातल्या गंडकीतून.

आपल्याकडे जुनं काही मिळायचं तर ते नद्यांच्या जुन्या गाळात. कुकडीकाठी बोरी आणि कऱ्हेकाठी मोरगाव ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. तिथे गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख इथली नव्हे, सुमात्रा बेटावरच्या टोबाची. टोबाचा शेवटचा मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. पण बोरीची राख त्याच उद्रेकाची की त्याच्या कितीतरी आधीची, यावर १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून वाद झडले. कुणी चौदा लाख वर्षं म्हणालं, कुणी पावणेसात लाख, कुणी पंचाहत्तर हजार. ही सगळी माणसं जाणती होती, यंत्रं चांगली होती, आणि राखही एकच होती. मुलीला मी हे आवर्जून सांगितलं होतं. तिने त्यातलं 'मोरगाव' आणि '७४ हजार' एवढंच उचललं.

दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात भरली होती ती अमेरिकेतली. तीही सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आयोवा राज्यात डिस्कस मॅकक्लिंटॉकी नावाची एक गोगलगाय आहे. शर्टाच्या लहान बटणाएवढी, सहा ते आठ मिलिमीटर, चपटी. १९२८ साली फ्रँक कॉलिन्स बेकर यांनी तिला नाव दिलं ते जीवाश्मावरून. हिमयुगातली, केव्हाच संपलेली जात म्हणून तिची नोंद झाली. मग १९५५ साली लेस्ली ह्युब्रिक्ट यांना ती ईशान्य आयोवात जिवंत सापडली. डोंगराच्या उतारावर दगडांचा खच, त्याखाली भेगांमध्ये बर्फ, आणि भर उन्हाळ्यात त्या भेगांतून बाहेर येणारा गार वारा. त्या उतारांवरची जमीन उन्हाळ्यातही क्वचितच दहा अंश सेल्सियसच्या वर तापते. हिमयुग संपल्यावर बाकीचा मुलूख तापला, ही गोगलगाय त्या नैसर्गिक शीतकपाटांच्या दाराशी बसून राहिली. बर्च आणि मेपलचा पडलेला पाला खाते, पाचेक वर्षं जगते. १९७८ मध्ये अमेरिकी सरकारने तिला धोक्यातली जात ठरवलं, १९८९ मध्ये अशा उतारांसाठी राखीव क्षेत्र केलं.

आता कऱ्हेच्या दरडीतून ओंजळभर शंख काढलेल्या वीस वर्षांच्या मुलीने हे वाचल्यावर काय होणार? तिने प्रकल्पाचं नाव लिहून आणलं होतं : 'कऱ्हा खोऱ्यातील हिमयुगीन गोगलगायीची नवी नोंद'. आणि मी, दरड न बघता, त्या कागदावर सही केली. या प्रकरणातली पहिली चूक तिची नाही.

दरड

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. सासवड सोडलं की हवा बदलते. घाटाकडचा ओलावा इकडे पोचतच नाही, पर्जन्यछायेतला मुलूख. नदी कोरडी. काठाची दरड साधारण चार मीटर उंच, उभी. वरचा दीड मीटर काळी माती, तिच्याखाली पिवळट तपकिरी गाळ, त्यात चुनखडीचे खडे. आमच्या भाषेत कंकर. मध्ये एक वीतभर जाडीचा पांढरा पट्टा.

"मॅडम, राख," ती म्हणाली. तिच्या आवाजात मोरगाव होतं.

मी पिशवीतून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली काढून तिच्या हातात दिली. एक थेंब टाकला आणि पट्टा सोड्यासारखा फसफसला. ज्वालामुखीची राख म्हणजे काचेचे कण. ती आम्लाने फसफसत नाही. हा चुनखडीचाच पट्टा होता. राखेत नंतर चुना मुरला तर तीही फसफसू शकते, म्हणून चिमूटभर घरी आणून सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिली. काचेचा एक कण दिसला नाही. ७४ हजार वर्षं तिथेच खाली बसली.

आम्लाचा विषय निघालाच आहे तर : तिने एप्रिलमध्ये दोन शंख याच आम्लात बुडवून 'स्वच्छ' केले होते. दगड आम्लात धुवायची आम्हा लोकांना सवय. शंख मुळात चुन्याचा. त्याच्यावरच्या केसासारख्या बारीक उभ्या रेघा दोन मिनिटांत गुळगुळीत झाल्या. आणि जात ओळखायची तर त्या रेघा लागतात. जो थेंब दरडीवर उपयोगाचा, तोच शंखावर घातक. ती हे विसरणार नाही, मला खात्री आहे, कारण ते दोन शंख तिने एका वेगळ्या कागदात बांधून ठेवलेत.

"कुठून काढलेस?" मी विचारलं. तिने दाखवलं : वरून साधारण सव्वा मीटर खाली. काळ्या मातीतच, पण खोल. तिचा हिशेब सरळ होता. सव्वा मीटर माती साचायला हजारो वर्षं लागली असतील, म्हणून शंख हजारो वर्षांचे.

मी तिला दरडीच्या वर, शेतात नेलं. उन्हाळ्याच्या शेवटी काळ्या रानाचं काय होतं ते पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. माती आकसते आणि भेगा पडतात. हात कोपरापर्यंत जाईल अशा रुंद, मीटरभर आणि त्याहूनही खोल. मी खिशातली पेन्सिल एका भेगेत सोडली. आवाज आला, पेन्सिल गेली. पाऊस आला की माती फुगते आणि भेग मिटते, आत पडलेलं आतच राहतं. ही माती दरसाल स्वतःला आपणच नांगरते. सव्वा मीटर खाली सापडलेला शंख दहा हजार वर्षांचा असू शकतो, किंवा मागच्या मे महिन्यात माझ्या पेन्सिलीसारखा पडलेला असू शकतो. काळ्या मातीत खोली म्हणजे वय नव्हे.

तिचा चेहरा उतरला. पण खरा धक्का अजून यायचा होता.

वास

दुपारी आजीच्या ओसरीवर बसलो. मी बाटली मागितली. झाकण काढलं आणि दोघी मागे सरकलो. कुजका वास. एप्रिलपासून बंद असलेली बाटली, आत 'जीवाश्म', आणि वास मासळीबाजाराचा.

आजी चुलीपाशी होत्या. पदराने नाक धरून पुढे आल्या, बाटलीत डोकावल्या आणि नातीकडे बघून म्हणाल्या, "अगं, जित्ती भरलीस की काय?" मग माझ्याकडे वळून, "आवं बाई, हे मेलेलं नसतंय. उन्हाळ्यात निजतंय. पाऊस पडू द्या, बांधावर चालाया लागतंय. आमी ल्हानपणी ह्यास्नी पावसाचं कुरमुरं म्हणायचो."

सगळं प्रकरण या चार वाक्यांत उलगडलं, आणि ती चारही वाक्यं भूशास्त्राची नव्हती.

झालं होतं ते असं. कोरड्या दिवसांत ही गोगलगाय अंग शंखात खोल ओढून घेते, तोंडाशी चिकट द्रवाचा पातळ पापुद्रा वाळवून दार लावते आणि दगडाखाली, मातीत, भेगेत पडून राहते. बाहेरून पाहणाऱ्याला रिकामा, जुना, मातीने भरलेला शंख वाटतो. मुलीने एप्रिलमध्ये दरडीतून शंख खरवडून काढले, नळाखाली धुतले आणि ओलेच बाटलीत भरले. पाणी लागलं म्हणजे पाऊस आला, असं समजून आतल्या काही जाग्या झाल्या. झाकण बंद होतं.

किती? सांगता येत नाही. नऊ शंखांमध्ये वाळलेल्या मांसाचे अवशेष दिसले; बाकीचे रिकामे होते की आधीच झडलेले, कोण जाणे. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. आजींनी बाटली अंगणाच्या कडेला नेऊन ठेवली आणि तिच्या हातात ताकाचा पेला दिला.

पाऊस पडल्यावर

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आजींचा फोन आला, "या आता." दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. दरडीपासून चाळीस पावलांवर बांध आहे, दगड रचलेला, वर बोरी-बाभळीची झुडपं. ओल्या दगडांवर, वाळक्या गवताच्या काड्यांवर कुरमुरे चालत होते. मी इतकी वर्षं या भागात मुलं घेऊन फिरले, पण कायम डिसेंबर-जानेवारीत, कारण भूशास्त्राची सहल हिवाळ्यात असते. ही मंडळी मला कधी भेटलीच नव्हती.

त्या दिवशी एकही उचलली नाही. फोटो काढले, पट्टी शेजारी ठेवून लांबी घेतली, बहुतेक दहा मिलिमीटरच्या आसपास. ओळख पटवायला प्राणिशास्त्रातल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांना फोटो आणि मेलेले काही शंख दाखवले. त्यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतला जी. के. ग्यूड यांचा १९१४ चा खंड काढला, भिंग लावलं, आणि पाच मिनिटांत म्हणाले, "झूटेकस."

झूटेकस इन्सुलॅरिस. एरेनबर्ग यांनी १८३१ मध्ये वर्णन केलेली जात. नावाचा अर्थ 'बेटावरची', आणि राहते कुठे, तर केप व्हर्देपासून उत्तर आफ्रिका, अरबस्तान, इराण, पाकिस्तान करत भारत आणि ब्रह्मदेशापर्यंतच्या कोरड्या मुलखात. नावाने बेटावर बांधून घातलेली गोगलगाय अर्धं जग फिरून कऱ्हेच्या बांधावर बसली आहे. आणि आताच्या वर्गीकरणात हिचं कुळ कोणतं? अकॅटिनिडी. म्हणजे पावसाळ्यात सोसायट्यांच्या बागा फस्त करणाऱ्या त्या ढबोल्या आफ्रिकी गोगलगायीचंच. घराण्यात असं असतंच; एक भाऊ सगळीकडे पसरून खातो, दुसरा बांधाच्या दगडाखाली नऊ महिने झोपून काढतो.

सहकाऱ्यांनी एक गोष्ट दाखवली ती मी आयुष्यभर लक्षात ठेवीन. त्यांनी एक मेलेला मोठा शंख पांढऱ्या कागदावर उपडा धरून टिचकी मारली. आतून राजगिऱ्याहून थोडे मोठे, गोल, चकचकीत असे चार मणी पडले. भिंगाखाली पाहिलं तर मणी नव्हते, पूर्ण बनलेले बाळशंख होते. बहुतेक गोगलगायी अंडी घालून मोकळ्या होतात. ही पिल्लं पोटातच, शंखासकट वाढवते. कोरड्या रानात उघड्यावर टाकलेल्या अंड्यांचं काय होईल ते सांगायला नको. आई मेली तर बाळशंख तिच्या शंखात तसेच राहतात.

दुसऱ्यांदा, शिस्तीत

यापुढचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच खरं काम आहे, म्हणून ते नीट सांगते.

दरडीचा दर्शनी भाग आम्ही हातभर आत खणून साफ केला, म्हणजे वरून ओघळलेलं, वाऱ्याने आणलेलं सगळं निघालं. आतली ताजी भिंत पाहिल्यावर भेगांची भरण वेगळी दिसते : रंग गडद, माती मोकळी, मुळांचे तंतू. मग तीन ढीग केले आणि कधीच एकत्र केले नाहीत. पहिला, पृष्ठभागावरचे शंख. दुसरा, भेगांच्या भरणीतले. तिसरा, खालच्या पिवळट गाळातले आणि त्यातल्या कंकरातले. माती आणली ती पिशव्यांमधून, घरी रव्याच्या चाळणीने आणि नंतर पिठाच्या चाळणीने चाळली. चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिल्या, कारण पेन्सिल पाण्याने फुटत नाही. धुणं बंद, मऊ कुंचल्याने झाडायचं, बस.

पहिल्या ढिगात बावीस शंख. दुसऱ्यात सतरा. या दोन्हींतल्या बऱ्याच शंखांवर अजून पिवळसर झिलई होती. जिवंतपणी चुन्याच्या कवचावर एक सेंद्रिय पापुद्रा असतो. तो मेल्यावर ऊनपावसाने झडतो आणि शंख खडूसारखा पांढरा पडतो. म्हणजे झिलई असलेला शंख अलीकडचा. उलट मात्र खरं नाही : खडूसारखा पांढरा शंख जुना असेलच असं नाही, दोन उन्हाळ्यांतही तो तसा होतो. पहिल्या बाटलीच्या बाबतीत मुलगी याच पांढऱ्या रंगावर विसंबली होती.

तिसऱ्या ढिगात सैल गाळातून काहीही मिळालं नाही. दोन दिवस चाळलं. तिसऱ्या दिवशी तिने कंकराचे खडे एकेक करून हातोडीने हलकेच फोडायला घेतले. इथे एक फरक बघावा लागतो. नदीने वाहून आणलेला कंकर घासून गोल झालेला असतो. तो कुठल्या काळचा, कुठून आला, कळत नाही. जागेवरच तयार झालेला कंकर आल्याच्या गड्ड्यासारखा वेडावाकडा, बोटं फुटलेला असतो. जमिनीतलं पाणी आटत जातं, चुना साखळतो आणि आसपास जे असेल ते पोटात घेतो. असल्या वेड्यावाकड्या खड्याच्या अगदी मधोमध शंख मिळाला, तर तो खड्याच्या आधीचा. भेगेतून पडलेला असणं शक्य नाही.

तसे तीन मिळाले. दोन अर्धवट, एक जवळजवळ पूर्ण. तो पूर्ण शंख फुटताना उभा चिरला गेला. तिने भिंग लावलं, बराच वेळ लावून धरलं, आणि मला न बोलता खडा आणि भिंग दोन्ही दिलं. चिरलेल्या शंखाच्या शेवटच्या वळशात, दगड झालेल्या गाळात, एक गोल बाळशंख अडकला होता.

रेघा, लांबट आकार, तोंडाशी किंचित वर चढणारा शेवटचा वेढा, हे सगळं जुळत होतंच. पण त्या बाळशंखाने वंशाची ओळख पक्की केली. झूटेकस, आणि बहुतेक बांधावरचीच जात. 'बहुतेक' यासाठी की या वंशात शंखाचा आकार जागोजाग बदलतो. अशाच फरकांवरून पूर्वीच्या लोकांनी बरीच वेगवेगळी नावं दिली आहेत. नुसत्या तीन शंखांवर छातीठोक बोलू नये. आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागीय केंद्रात नमुने ताडून बघायचं आहे.

वय

पुढचा प्रश्न सगळ्यांना पडतो : किती वर्षांचे? इथे मुलीशी माझं खरं भांडण झालं. तिचं म्हणणं, कार्बन-१४ ने, म्हणजे शंखातला किरणोत्सारी कार्बन किती उरला ते मोजून, वय काढू. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये मिलिग्रॅमभर नमुन्यावरही होतं. तिचं चूक नव्हतं. पण गोगलगायीचा शंख या पद्धतीला फसवतो, आणि तोही नेमका अशाच जागी. गोगलगाय शंख बांधायला चुना लागतो म्हणून मातीतली चुनखडी खाते, दगड चाटते. त्या चुन्यातला कार्बन आधीच म्हातारा असतो. त्यामुळे आज मेलेली गोगलगायही प्रयोगशाळेत काही शे, कधी दोन-तीन हजार वर्षांची ठरू शकते. वर आमचे शंख कंकरात, म्हणजे चुन्याच्याच पेटीत. गोगलगायीचा शंख मुळात अ‍ॅरागोनाइट या खनिजाचा असतो. जमिनीत पडून पडून तो कॅल्साइट होतो आणि होताना बाहेरचा कार्बन आत घेतो. आधी क्ष-किरणांनी तपासायचं की अ‍ॅरागोनाइट शिल्लक आहे का. नसेल तर पैसे घालवायचे नाहीत. असेल तरी शेजारच्या बांधावरच्या आजच्या शंखाचं 'वय' आधी काढायचं, म्हणजे इथली गोगलगाय किती खोटं बोलते ते कळेल, आणि तेवढी वर्षं वजा करायची. तेही पन्नास हजार वर्षांच्या आतलं काही असेल तर.

म्हणजे जिवंत गोगलगाय हातात नसेल तर जुन्या शंखाचं वय नीट वाचताच येत नाही. आयोवाच्या गोष्टीत सगळे 'जिवंत सापडली!' या उद्गारापाशी थांबतात. पण ती जिवंत सापडल्यावरच तिच्या जीवाश्मांचा अर्थ लागला : ती कोणत्या गारव्यात राहते हे दिसलं, म्हणून जिथे जिथे तिचे जुने शंख आहेत तिथे पूर्वी किती गारवा असेल याचा अंदाज बांधता आला. आमची झूटेकस तिच्या उलट आहे. ती कुठल्या शीतकपाटात लपून वाचलेली नाही, चिवट आहे म्हणून जागेवर टिकली. ती आज उघड्या, कोरड्या, चुनखडीच्या रानात राहते. पिवळट गाळ साचत होता तेव्हाही तिथे असंच काहीसं रान असावं, एवढं हे तीन शंख हळू आवाजात सांगतात. हिमयुगाबद्दल ते काही सांगत नाहीत.

प्रकल्पाचं नाव बदललं : 'कऱ्हाकाठच्या एका दरडीतील झूटेकस शंख : जुने, अलीकडचे आणि जिवंत यांतील भेद'. ऐकायला सपक आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल चाळला आणि विचारलं, "मग नवीन काय सापडलं?" ती म्हणाली, "तीन शंख, सर. आणि आधीचे एकेचाळीस कसे गोळा करू नयेत ते." गुण बरे पडले, फार नाही. परीक्षकांना राखेचा थर हवा होता असं मला वाटलं, असो.

पहिल्या बाटलीचं काय करायचं यावर आमचं एकमत झालं नाही. तिला ती टाकून द्यायची होती. मी ठेवून घेतली. चिठ्ठी बदलली नाही, तिच्याखाली पेन्सिलीने दुसरी घातली : 'तीनही ढीग मिसळलेले. किमान नऊ जिवंत असताना भरलेले.'

सप्टेंबरात कऱ्हेला मोठं पाणी आलं. तीन दिवसांनी आजींनी नातीच्या मोबाइलवर फोन करून मला द्यायला सांगितलं.

"बाई, तुमची ती दरड गेली बगा. पार सपाट."

मी विचारलं, बांध?

"बांधाला काय व्हतंय. हायेत तुमचं कुरमुरं. आता दारं लावाया लागलेत."